झाडावर चढणारी जीप

बाबा, तुमची जीप द्यायला काढली होती. विकायला नव्हे, विकत ती घेणार कोण? सीताबर्डीच्या एका शोरूमवाल्यानं नवी टूम काढली आहे. जुनी जीप त्याच्या दारात सोडायची, वर पैसे मोजायचे आणि नवी डिझेलची घेऊन यायची. याला तो एक्सचेंज म्हणतो. बायका जुन्या साड्या देऊन स्टीलची पातेली घेतात त्यातलाच प्रकार, फक्त इथली बोहारीण टाय लावून काचेच्या आत बसते. त्यानं तुमच्या जीपभोवती एक चक्कर मारली, एका बोटानं बॉनेट दाबून पाहिलं आणि ते बोट रुमालाला पुसलं. म्हणाला, चारही चाकं ओढत असतील तर घेतो, तेवढं एखाद्या मिस्त्रीकडून पाहून आणा. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली आणि या तेरा वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातही बोललो नाही. तुमच्याशी बोलणं म्हणजे ऐकून घेणं. आज कागदावर बोलतो आहे, कारण आज तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही.

ती जीप घरी आली तो दिवस मला चांगला आठवतो. लष्करानं काढून टाकलेल्या जीपांचा लिलाव झाला होता आणि तुम्ही त्यातली एक घेऊन आलात, हिरवा रंग अर्धा उडालेली, ताडपत्रीला भोकं पडलेली. अख्खी गल्ली जमली. स्टिअरिंगच्या बाजूला दोन दांडे होते, एक गिअरचा आणि त्याच्या शेजारी एक ठेंगणा. त्या ठेंगण्या दांड्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "हा ओढला का चारही चाकं जोर लावतेत. झाडावर चढते माही जीप." त्यानंतर हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. बर्डीच्या चहाच्या टपरीवर, काटोलच्या संत्रा बाजारात, माझ्या लग्नाच्या बोलणीत, मुलीचा बाप समोर बसलेला असताना. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, आपण मुलगी जीपला देतो आहोत की माणसाला?

आणि आई? आई वीस वर्षं त्या जीपच्या मागच्या भागात संत्र्याच्या पेट्यांवर बसून हिंडली. पुढची सीट येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी, आणि कोणी नसलं तर तुमच्या शालीसाठी. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ जीपला, पेढा जीपला, मग घरच्या देवाला, आणि उरलंसुरलं माणसांना. त्या ठेंगण्या दांड्याला तुम्ही वेगळं कुंकू लावायचे. आईनं एकदा विचारलं होतं की या दांड्यानं असं काय पुण्य केलं आहे. तुम्ही कुंकवाची वाटी तिच्या हातात दिलीत. उत्तर न देणं हा तुमचा मोठेपणा होता.

आपला धंदा काय, तर झाडावर फळ हिरवं असतानाच अख्खा बगीचा नजरेनं तोलायचा आणि त्याचा सौदा करायचा. नजर चुकली की वर्ष गेलं. दुसरे व्यापारी बैलगाडीनं, सायकलनं यायचे. आपल्याकडे चार चाकं ओढणारी जीप, आणि तुम्ही ती बगीच्याच्या धुऱ्यावर उभी करायचे. धुरा म्हणजे शेताची हद्द. तिथे चपला काढायच्या आणि मग अनवाणी, काळ्या चिखलातून, एकेक रांग धरून चालत सुटायचं. "पायाले कळते बगीचा जेवला का उपाशी हाये," असं तुम्ही म्हणायचे, आणि बगीचेवाले माना डोलवायचे. सोंग वठलं की लोक माना डोलवतातच. काटोलच्या पुढे त्या म्हाताऱ्या काकांचा बगीचा होता ना, तिथे तर तुमचं हे नाटक रंगात यायचं. तिथे मधली एक रांग होती, तिची झाडं बाकीच्यांपेक्षा ठेंगणी. तिच्याजवळ आलात की तुम्ही दुसरीकडे बघत भराभर पुढे निघून जायचे. मला वाटायचं, काका आळशी आहेत आणि तुम्ही भिडेखातर डोळेझाक करता.

मी बी.कॉम. झालो त्या वर्षीची गोष्ट. भादवा होता, चिखल पिंढऱ्यांपर्यंत. काकांच्या धुऱ्यावर उभा राहून मी तुम्हाला म्हणालो की दांडा ओढा, आत घालू जीप, अर्ध्या तासात बगीचा पाहून होईल. काका होते, त्यांच्या शेतावरच्या बाया होत्या, दोन व्यापारी होते. सगळ्यांसमोर तुम्ही माझ्या नव्या पँटीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पाय कायले देले गा तुले देवानं? पँट घालाले?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हसण्यात माझं बी.कॉम. वाहून गेलं. मी त्या दिवशी ठरवलं, एक दिवस याच बगीच्यात चारही चाकं घालीन. माणसं कसल्या कसल्या प्रतिज्ञा करतात. मी ही केली.

तुमच्यानंतर जीप मी चालवली. तुमचा धाक इतका, की तुम्ही नसतानाही ती धुऱ्यावरच थांबायची. एकदा नाल्यात फसली तेव्हा मी तो दांडा ओढून पाहिला होता. मागची चाकं नुसती फिरली आणि जीप जागची हलली नाही. मला वाटलं, चूक माझ्या हाताची. तुमच्या वस्तूत खोट असेल हे मनात येऊ नये, असंच तुम्ही मला वाढवलं होतं. मग यंदा माझा साळा मागे लागला. हा सीताबर्डीला रंगीत टीव्ही विकतो, सफारी सूट घालतो आणि ज्याच्याकडे जे आहे ते जुनं झालं असं त्याला पटवून देतो. "जिजाजी, हे भंगार घेऊन फिरता, मार्केटमध्ये इज्जत काय राहते?" असं महिनाभर चाललं. मी वरवर नाही नाही म्हणत होतो, पण खरं म्हणजे मी लगेच पाघळलो होतो. शोरूममधून एका दिवसासाठी नवी जीप चालवून पाहायला मिळाली. ती घेऊन आम्ही कुठे गेलो असू, सांगा.

काकांच्याच धुऱ्यावर. काका आता ऐंशीच्या घरात आहेत, पण त्या पट्ट्यात अजून त्यांचा शब्द चालतो. त्यांचा बगीचा ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडे आजूबाजूचे दहा बगीचे जातात. आपलं घर त्याच दहा बगीच्यांवर चाललं आहे, हे तुम्हाला सांगायला नको. आदल्या रात्रीच पाऊस झाला होता. साळा पुढच्या सीटवर बसून म्हणाला, दाखवा ना जिजाजी, पैसे कशाचे मोजतो आहोत आपण. मी दांडा ओढला. बाबा, खोटं कशाला बोलू, ती जीप लोण्यातून सुरी जावी तशी गेली. चारही चाकं चिखल उडवत दोन रांगांच्या मधून, झाडांच्या आळ्यांवरून, थेट विहिरीपर्यंत. मी मागे वळून पाहिलं ते शाबासकीसाठी. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, एका म्हाताऱ्याकडून.

काका चाकोरीत उकिडवे बसले होते. संत्र्याची खाणारी मुळं वरच असतात, वीतभर मातीखाली, पांढरी, दोऱ्यासारखी. चाकांनी ती उपटून वर आणली होती. काकांनी मूठभर मुळं उचलली, सावकाश चालत आले आणि नव्या जीपच्या चकचकीत बॉनेटवर ठेवली. मग म्हणाले, "यंदाचा बगीचा दुसऱ्याले देल्ला, बाप्पा." कोणाला दिला नव्हता. त्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं. साळ्यानं रुमाल काढून बॉनेट पुसलं आणि परतीच्या वाटेवर मला सांगितलं की खेड्यातल्या लोकांना मशीनची कदर नसते. मूर्खाला मूर्ख म्हणायलाही थोडी तरी अब्रू लागते, आणि ती मी विहिरीजवळ सोडून आलो होतो.

तरीही एक्सचेंजचा नाद सुटला नाही. उलट वाटलं, आता बगीचाही गेला, जीपही जाऊ दे, तुमचं काहीच नको. तुमची जीप घेऊन मी वाडीला आपल्या मिस्त्रीकडे गेलो. तुमच्या वेळेपासून या जीपला दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही. म्हटलं, चारही चाकं ओढतात असं लिहून द्या. म्हातारा हसायलाच लागला. हसता हसता खोकला आला, पाणी प्यायला, मग म्हणाला, "कशी ओढतीन? पुढचा शाफ्ट तं नाहीच ना याले." पुढच्या चाकांना जोर पोचवणारा तो लांब लोखंडी शाफ्ट. मी विचारलं, कुठे गेला? त्यानं गॅरेजच्या मागे बोट दाखवलं. तिथे तो जमिनीत अर्धा गाडलेला होता आणि त्याला त्याची बकरी बांधलेली होती.

बाबा, जी जीप वीस वर्षं झाडावर चढत होती, तिच्या चढण्याला बकरी बांधली होती. मी तिथल्या ट्रकच्या टायरवर बसलो आणि मिस्त्रीनं सांगितलं ते ऐकलं. लिलावातून जीप आणल्यावर पहिल्याच भादव्यात तुम्ही काकांच्या बगीच्यात ती घातली होती, दहा लोकांसमोर, दांडा ओढून, ऐटीत. त्या रांगेतली सात झाडं पुढच्या दोन वर्षांत डिंक गाळत वाळली. काकांनी ती उपटून नवी लावली. तीच ती ठेंगणी रांग. तुम्ही मात्र झाडं वाळायची वाट पाहिली नाहीत. दुसऱ्याच दिवशी जीप घेऊन मिस्त्रीकडे आलात आणि म्हणालात, पुढचा शाफ्ट काढ. "म्या म्हटलं, काहून? तं म्हणाले, दांडा दिसला का माहा हात शिवशिवते. माह्यावर माहा भरवसा नाही." आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीत. मिस्त्रीनं ती तुमच्या मरणानंतरही पाळली, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

मला हसू आलं नाही. तुम्ही लबाड होता हे मला नवीन नव्हतं. पण इतके? रिकाम्या दांड्याला कुंकू लावणारे? पँटीवरून मला जे ऐकवलंत, ते ऐकवण्याचा तुम्हाला काय अधिकार होता? तुमचा हात शिवशिवला तेव्हा तुम्ही लोखंड काढून टाकलंत. माझा शिवशिवला तेव्हा मला बायांच्या हसण्यावर सोडलंत. एक वाक्य पुरलं असतं, बाबा. घरी आल्यावर, जेवताना, आईसमोर, "म्या बी एकदा असंच केलं होतं." एवढं म्हणाला असतात तर मी कधीच तिथे जीप घातली नसती. तुम्ही मला सगळे नियम दिलेत आणि ज्या चुकीतून ते आले ती तेवढी स्वतःजवळ ठेवलीत. याला मी कंजूषपणा म्हणतो. मिस्त्रीला मी सांगितलं, काढा तो शाफ्ट, घासा, बसवा परत, मला ही जीप द्यायचीच आहे. तो म्हणाला, मग बकरी कशाला बांधू?

दुसऱ्या दिवशी बसनं काटोलला गेलो. माफी मागायला वगैरे नाही, आपल्या रक्तात ते नाही. दहा बगीचे जात होते म्हणून गेलो. फाट्यापासून दीड कोस चालत. धुऱ्यावर चपला काढल्या. चिखल थंड होता आणि त्यात काटे होते, आणि बगीचा जेवलेला आहे की उपाशी हे माझ्या पायांना अजिबात कळलं नाही. काका विहिरीच्या कठड्यावर बसले होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "जीप कुठी हाये?" मी म्हणालो, "वाडीले. मिस्त्रीजवळ ठेवली." काका म्हणाले, "तुह्या बापानं बी त्या वर्षी हेच सांगतलं होतं."

एवढं बोलून ते उठले आणि पुढे चालायला लागले, आणि मी मागे. जीप वाडीला शाफ्ट परत बसवायला उभी होती हे मी त्यांना सांगितलं नाही. सगळ्या रांगा झाल्या. ठेंगण्या रांगेजवळ मी थांबलो, तुमच्यासारखा पुढे पळालो नाही, तेवढं एक माझ्या नावावर लिहा. माझ्या चाकोऱ्या काकांनी मातीनं बुजवून घेतल्या होत्या. निरोप घेताना ते म्हणाले, "दसऱ्याच्या आधी ये." म्हणजे सौदा आपलाच. पुढच्या दोन वर्षांत किती झाडं डिंक गाळतील ते मात्र आत्ता कोणालाच सांगता येत नाही, आणि काका त्याचा उच्चारही करणार नाहीत.

वाडीला जाऊन मिस्त्रीला म्हटलं, राहू द्या, बकरी बांधा. शोरूमला नकार कळवला. साळ्याला सांगितलं की भाव जमला नाही. बायकोलाही तेच. आता तुम्ही म्हणाल, मग यात तुझं आणि माझं वेगळं काय? ते सांगतो आणि संपवतो, कारण हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, कॉलेजात जाते, आणि तिला जीप शिकायची आहे. काल सकाळी तिला शेजारी बसवून रेशीमबागेच्या मैदानात नेलं. तुमची लबाडी तिच्यापर्यंत न्यायची नाही, दांड्याचं, बकरीचं, माझ्या चाकोऱ्यांचं, सगळं तिला सांगायचं, असं ठरवूनच घरून निघालो होतो. तिनं त्या ठेंगण्या दांड्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बाबा, हा ओढला का काय होते?"

मी म्हणालो, "झाडावर चढते."