किडकं बोंड

दिग्रस, मंगळवार, संध्याकाळ

आजचा दिवस वाया गेला. चिडू तरी कोणावर?

खिडकीत चित्रासाठी तीन वस्तू मांडल्या होत्या. कवठ, तुरीच्या शेंगा आणि कापसाचं अर्धवट उकललेलं बोंड. सगळं चित्र त्या बोंडासाठीच होतं. त्याला अळीनं पाडलेलं एक बारीक भोक होतं. वरून सगळं भरलेलं, टवटवीत, आणि आत कोणीतरी खातंय, हे तेवढ्या भोकातून कळायचं. ते बोंड मी शेवटी रंगवणार होते.

दुपारी शाळेतून आले तर बोंड गायब. सासूबाई म्हणाल्या, "अळीचं होतं ना वं ते. चुलीत टाकलं. असं घरात ठेवते काय कोणी?"

त्यांचं बरोबरच आहे. पण मग माझं चित्र?

थोड्या वेळानं त्या वावरातून आल्या, पदरात दुसरं बोंड घेऊन. पांढरंशुभ्र, एकही डाग नाही. नेमकं त्याच जागी ठेवलं. "हे घे, याचं काढ. मी बसते इथंच."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या चित्राजवळ त्या कधी बसल्या नव्हत्या. आजच बसायचं होतं?

बोंड रंगवलं. भोक मला आठवणीतूनही काढता आलं असतं. ब्रशवर काळा रंग घेतलाही होता.

"कसं निरोगी दिसून राह्यलं," त्या कौतुकानं म्हणाल्या. "झालं काय?"

"झालं," मी म्हटलं.

ब्रशवरचा काळा रंग तसाच वाळलाय. धुवायला उठवत नाही.