काका-पुतणीला रकाना नाही

क्युपर्टिनो,
८ फेब्रुवारी २०२६

चि. भावना हिस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि पहिला फोन माझ्या जुन्या दोस्ताला, मोरेश्वरला केला. आमची भावना नेमबाजीच्या स्टेट चॅम्पियनशिपला निवडली गेली, हे मी इतक्या मोठ्याने सांगितलं की त्याने म्हणे फोन हातभर लांब धरला. कानातलं यंत्र काढून बोललं की माझं असंच होतं. काल रात्री आनंदाने धड जेवलोही नाही, नुसते पोहे खाल्ले.

तू लिहितेस की क्लबचं पिस्तूल हातात बसत नाही, मूठ जाड पडते. मग आपलं पॉइंट टू-टू पिस्तूल घरात कशासाठी आहे? त्यावरच तू शिकलीस. पहिले दोन महिने मी तुला गोळी दिलीच नाही, नुसतं आनापान करायला लावलं; श्वास आधी, नेम नंतर. तेव्हा किती चिडायचीस! आता ते तूच घे. माझा हात थरथरायला लागलाय, आणि मे महिन्यात मी ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जाणार, तिथे बंदूक ठेवू देत नाहीत.

गिऱ्हाइकं आहेत, पण मला ती नकोत. हे मॉडेल राज्याच्या मंजूर यादीत नाही, त्यामुळे दुकानात नवं मिळत नाही आणि जुन्यावर लोकांच्या उड्या पडतात. रेंजवरचा एक गृहस्थ तर मी सांगेन ती किंमत द्यायला तयार आहे. त्याला मी सांगितलं की शस्त्रांचा व्यापार तथागतांनी वर्ज्य सांगितलाय. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय.

नियम मी वाचून काढलेत. एरवी खासगी माणसांनी एकमेकांना पिस्तूल द्यायचं तर लायसन्सवाल्या डीलरकडे जायचं, त्याने तपासणी करायची, मग दहा दिवस वाट बघायची. आई-वडिलांकडून मुलांना जात असेल तर मात्र डीलर लागत नाही. तुझ्याकडे सेफ्टी सर्टिफिकेट आहेच, तू फक्त एक फॉर्म सरकारकडे पाठवायचा. तो मी भरून सोबत ठेवलाय, सही कर. बावीस तारखेच्या रविवारी पिस्तुलाची कुलूपबंद पेटी आणि चिवड्याचा डबा घेऊन फ्रेस्नोला हजर होतो.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो वाढवणं तुझ्या नेमावर.

तुझा काका,
देवानंद


फ्रेस्नो,
१३ फेब्रुवारी २०२६

ती. काकांस,
सविनय जयभीम, वि. वि.

दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत, म्हणून हे एक्स्प्रेस पोस्टाने पाठवतेय. कृपा करून पेटी घेऊन निघू नका. चिवडा आणलात तर चालेल.

काका, फॉर्मवर नात्याच्या जागी तुम्ही 'मुलगी' या रकान्यावर खूण केलीत! मी तुमची पुतणी आहे. कायद्याच्या त्या सवलतीत आई-वडील, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं आणि नवरा-बायको एवढीच माणसं बसतात. सख्खे भाऊ-बहीणही नाहीत, मग काका-पुतणी कुठून असणार? त्यावर मी सही केली तर सरकारला खोटं लिहून दिल्यासारखं होईल. पिस्तूल जाईल, चॅम्पियनशिप जाईल, आणि पुन्हा कधी पिस्तूल हातात धरता येईल की नाही कोण जाणे. तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल ते वेगळंच. फॉर्म फाडून टाकलाय.

ही अक्कल मोरेश्वरकाकांनीच दिली असणार. त्यांना माझ्याकडून रागाचा जयभीम सांगा.

बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, आई त्याआधीच गेलेली. तेव्हा कोर्टाने तुम्हाला पालक नेमलं, पण तो कागद मी अठरा वर्षांची झाले तेव्हाच संपला. आता कायद्याच्या लेखी तुम्ही आणि मी म्हणजे दोन खासगी माणसं. डीलरकडे जाऊ. इथला एक ओळखीचा आहे, शनिवारी दुकान उघडं असतं. स्पर्धा २१ मार्चला आहे, लवकर गेलो तर दहा दिवस आरामात बसतात.

रागावू नका. तब्येत जपा आणि फोन उचलत जा.

तुमची,
भावना


क्युपर्टिनो,
२५ फेब्रुवारी २०२६

चि. भावना हिस,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रुसलो होतो. उगाच तब्येतीचं निमित्त सांगत नाही.

मोरेश्वरचा यात काही दोष नाही. ती खूण मी विचार न करताच केली. तुझ्या शाळेच्या फॉर्मवर, दाताच्या डॉक्टरकडे, सहलीच्या कागदावर सगळीकडे तेच लिहीत आलो. कुणी कधी अडवलं नाही. आमच्या नागपूरच्या घरात भावाची मुलं वेगळी मोजत नसत. तुझा बाप, प्रितमदादा, माझ्यासाठी जेवण झाकून ठेवायचा तेव्हा तरी कुठला रकाना होता? तुझं पत्र वाचलं तेव्हा 'दोन खासगी माणसं' या शब्दांपाशी अडलो. चार-पाच वेळा वाचले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण तू बरोबर आहेस आणि मी चूक. नेम चुकला म्हणून टार्गेटला शिव्या द्यायच्या नसतात, हे मीच तुला सांगायचो. माझ्या एका खुणेपायी तुझी स्पर्धा गेली असती.

तेव्हा ७ मार्चला येतो. मोरेश्वर गाडी चालवेल. फक्त एक शंका आहे. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून पिस्तूल दिलं की मी विक्रेता ठरतो का? तसं असेल तर आधी सांग, मनाची तयारी करतो.

चिवड्यात दाणे जास्त घातलेत. माया पातळ झालेली नाही, याची खात्री असू दे.

काका


फ्रेस्नो,
२२ मार्च २०२६

ती. काकांस,
सविनय जयभीम, वि. वि.

दुसरी आले! फोनवर तुम्ही सारखं "काय? काय?" करत होतात, म्हणून आता लिहून सांगते: अख्ख्या राज्यात दुसरी, आणि पहिलीपेक्षा अगदी थोडक्यात मागे. पिस्तूल मंगळवारी ताब्यात मिळालं, सरावाला जेमतेम तीन संध्याकाळी. पण मूठ हातात आली आणि जुन्या घरात शिरल्यासारखं वाटलं. फायनलला तुमचा आवाज आठवला, श्वास आधी. शेवटची गोळी अगदी मधोमध लागली. पदक उशाशी ठेवून झोपले, हसू नका.

आता दुसरी गोष्ट. त्या दिवशी डीलरच्या काउंटरवरच्या बाईंना तुम्ही ही विक्री नाही, भेट आहे, असं तीन वेळा बजावलंत. मग ही माझ्या भावाची मुलगी, मीच वाढवलीय, हेही सांगितलंत. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या की इथे त्याने काही फरक पडत नाही, अनोळखी माणसं आली तरी हेच कागद भरतात. नंतर जेवतानाही तुम्ही त्या कागदांची प्रत पुन्हा पुन्हा उघडून बघत होतात. तेव्हाच मी ठरवलं.

काका, या राज्यात मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं. दोघांनी करारावर सही करायची, मग जज्जसमोर उभं राहायचं. मी वकिलाला विचारून घेतलंय. पिस्तूल तर रीतसर माझ्या नावावर झालंय, त्यासाठी आता कुठलंच नातं लागत नाही. म्हणूनच आत्ता विचारतेय. करार सोबत आहे, माझी सही केलेली. तुम्हाला नको असेल तर फाडा, फिट्टंफाट होईल.

उत्तराची वाट बघतेय. फोनवर नको, पत्रातच लिहा, मला ते जपून ठेवायचंय.

तुमची,
(पुढचा शब्द तुमच्या सहीवर अवलंबून)
भावना


क्युपर्टिनो,
२६ मार्च २०२६

चि. भावना हिस,
सप्रेम जयभीम.

करार मोरेश्वरकडून मोठ्याने वाचून घेतला. अर्ध्यात त्याने कागद माझ्या हातात दिला, मग उरलेला मीच वाचला. प्रितमदादाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि त्याला विचारलं. तो नाही म्हणणार नाही, हे मला आधीच माहीत होतं.

सही केली. हात थरथरल्यामुळे वाकडी आलीय, पण माझीच आहे, जज्जसाहेबांना तसं सांगू. या वेळी प्रत्येक रकाना चष्मा पुसून वाचला आणि मगच पेन टेकवलं. तारीख चौदा एप्रिलच्या आसपास मिळते का बघ; बाबासाहेबांच्या जयंतीला मी निळा कोट घालतोच, तोच कोर्टात चालेल. रेंजवर, किराणा दुकानात, पोस्टात, सगळीकडे सांगून झालंय. पोस्टातल्या बाईंनी तर हातात हात घेऊन अभिनंदन केलं. त्यांना बहुतेक माझ्या घरी बाळ जन्मलं असं वाटलं, आणि मी दुरुस्ती केली नाही.

आता खाली काय लिहावं, यावर बराच वेळ घालवला. फार मोह होतोय. पण कोर्टाचा हुकूम अजून व्हायचाय आणि खोटी खूण करायची नाही हे तूच शिकवलंस, म्हणून एवढे काही दिवस,

तुझा काकाच,
देवानंद