अक्षयचं सैन्य

नवागाम, सुरत
२४ मे २०२५

चि. प्रियांका हिस,
आप्पांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल आहोत, तुम्हीही तिकडे खुशाल असाल. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनच्या वेळी तुझी गायत्री शेजारी कान टवकारून बसते, आणि माझं बोलणं हवापाण्यावरून पुढे सरकत नाही. शेजारचा सागर उद्या अमळनेरला येतोय, त्याच्या हाती हे देतो.

पोर मजेत आहे. आमरसावर आडवा हात मारते. वरच्या मजल्यावरच्या ध्वनीशी तिची गट्टी जमली आहे. दोघी गुजरातीत इतक्या भरभर बोलतात की अख्खा जन्म सुरतेत काढूनही मला निम्मंच कळतं. उषाचे, म्हणजे तुझ्या सासूबाईंचे (अजून हाच शब्द येतो, राग मानू नकोस) गुडघे तेवढे कुरकुरतात.

मुख्य बातमी सैन्याची. अक्षयचा तो खोका तुला आठवत असेल. बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे मावळे आणि सुरतेच्या सुभेदाराचे शिपाई, टेबलावर लढाई मांडून खेळायचे. रंगवायचे राहिले ते राहिलेच. अक्षय गेल्यावर मी तो खोका कपाटावरून कधी खाली काढला नाही. योगेंद्ररावांशी तुझं दुसरं लग्न झालं, तेव्हा नवं घर लागेपर्यंत सुट्टीत पोरीला आमच्याकडे ठेव, असं मीच म्हणालो. आणि तिला सांगितलं, पप्पांचं सैन्य रंगवून झालं की तुला आईकडे पोचवतो. तू "कधी आणताय?" विचारलंस की मी "रंग चाललाय" म्हणून वेळ मारून नेतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

रंगाची गंमत ऐक. माझी नोकरी सगळी साडीछपाईच्या रंगखात्यात गेली, मग दुकानातला रंग कशाला घ्यायचा, या तोऱ्यात मी मिलमधल्या लोटूकडून डबे आणले. पहिली पलटण झकास दिसली. दुसऱ्या दिवशी गायत्रीने मावळा उचलला तर त्याचं पागोटं तिच्या बोटांना! कापडाचा रंग भट्टीची धग लागल्यावर पक्का होतो. प्लास्टिकच्या मावळ्याला कुठल्या भट्टीत घालणार? हे मला कळू नये म्हणजे शर्थ झाली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र आतून बरं वाटलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणजे ती आणखी राहणार.

मग दुकानातून चांगला रंग आणला आणि मी एकेका मावळ्याची मिशी कोरत बसलो. "पप्पांची वस्तू आहे, घाई करू नये," असं वर तिलाच ऐकवत होतो.

पण ती माझ्यावर कडी करणारी निघाली. ध्वनीच्या मोबाइलवर काय पाहिलं देव जाणे. मी भाजी घेऊन आलो तर दोघींनी अर्ध्याअधिक सैन्यावर पांढरा फवारा मारून, अंगरख्याला एक आणि पागोट्याला एक असे सपाट रंग फासले होते, आणि आता पाणी घालून पातळ केलेला तपकिरी रंग वरून बदाबदा ओतत होत्या. सैन्य गटारातून काढल्यासारखं दिसत होतं.

"वाट लावलीस गं सगळ्याची!" मी ओरडलोच.

"आप्पा, सूकने तो दो," ती म्हणाली.

वाळल्यावर पाहिलं. तपकिरी पाणी खाचाखोचांत उतरून बसलेलं, आणि डोळे, मिशा, अंगरख्याच्या चुण्या सगळं उठून आलेलं. मी आठवडाभर खपून रंगवलेला मावळा शेजारी ठेवला, तर हातभर अंतरावरून फरक सांगता येईना.

ध्वनीने मावळ्यांकडे बोट करून टोमणा मारला, "आ तो आपणा सुरतने लूंटवा आवेला!" म्हणजे हे तर आपली सुरत लुटायला आलेले. गायत्रीने मला विचारलं, "मग आप्पा, आपण कोणाकडचे?" मी ब्रश धुवायला घेतला. तीच म्हणाली, "आपण राहतो तर इकडेच ना. मी दोन्ही छान रंगवते."

मी हसत म्हटलं, "रंगव, पण एवढी घाई कसली?"

तिने मान वर केली नाही. "तुम्हीच बोलले होते ना, सैन्य झालं की आई."

ब्रश चालूच होता. स्वयंपाकघरातून उषा माझ्यावर कडाडली, "पोर मायसाठे झुरी ऱ्हायनी, तुमले दिखस नही का?"

दिसत होतं, प्रियांका. मी बघत नव्हतो. ती गेली की या घरात अक्षयचं हसतंबोलतं काही उरणार नाही, याची मला भीती वाटते. तुझ्या लग्नात मी अक्षता टाकल्या, लोकांनी सासऱ्याचं कौतुक केलं, मीही ते करून घेतलं. पण तुझ्या नावाआधी "सौ." लिहायला हात काही उचलत नाही. या पत्राच्या माथ्यावरही नुसतं "चि." लिहून मी पुढे सरकलो, तुझ्या नजरेतून ते सुटलं नसेल.

सैन्य काल पुरं झालं. एक घोडेस्वार तेवढा कोरा ठेवलाय. "हा विसरलीस का?" विचारलं, तर म्हणाली, "तो योगेंद्रकाकांसाठी. त्यांना येत नसणार, मी शिकवीन."

 मग मी तपकिरी रंगाची बाटली न् माझा बारीक ब्रश खोक्यात ठेवला.

येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं तिला घेऊन उधन्याहून निघतो. योगेंद्ररावांना स्टेशनवर यायला सांग. खोका जड नाही, पण तो मला त्यांच्याच हातात द्यायचा आहे. दिवाळीत पोरीला चार दिवस पाठवलंस तर उषाला बरं वाटेल. मलाही.

पाकिटावर तुझं नाव आत्ताच घातलं. सौ. प्रियांका योगेंद्र पाटील. वरून बोट फिरवून पाहिलं, शाई पक्की आहे.

तुझे, आणि आता योगेंद्ररावांचेही,
आप्पा