काठावरचा पांढरा दगड

अण्णा,

तुमचा जन्म भुसावळचा आणि नोकरी झाशीची, त्यामुळे समुद्र तुम्ही कधी पाहिलाच नाही. मीही नाही पाहिला. आणि आता बासष्टाव्या वर्षी मला मॉरिशसला नेताहेत. मुलगा, सून, सहा वर्षांची नात आणि मी. विमानाची भीती नाही मला, खोटं कशाला बोलू. भीती पाण्याची आहे, आणि पाण्याची म्हणण्यापेक्षा माझी मलाच आहे.

मुलाने पुण्याहून फोनवर सूचनांची ही लांबलचक यादी पाठवली आहे. प्रवाळाच्या रांगेपलीकडे पोहायचं नाही, तिथे पाण्याला ओढ असते. उथळ पाण्यातसुद्धा रबरी बूट घालायचे, कारण दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा तळाशी बसलेला असतो. वादळाचा इशारा आला की हॉटेलातून हलायचं नाही. लाल झेंडा लावला असेल तर पाण्यात पायही घालायचा नाही. नारळाच्या झाडाखाली बसायचं नाही, हे वाचून मला हसू आलं. म्हटलं, एवढं जपायचं तर घरीच का बसत नाही? शेवटची ओळ वाचली आणि हसू जागच्या जागी राहिलं. आई काठावर बसेल आणि नातीवर लक्ष ठेवेल. मग फोन करून वर म्हणाला, "आई, तू फक्त नजर ठेव, बाकी हम हैं ना." त्याचं मराठी असंच, अर्धं हिंदीत भिजलेलं. मी हो म्हणून बसले.

ओरछ्याचा तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मी अकरा वर्षांची, धाकटी सातची. झाशीतल्या ओरछा गेटापासून टेम्पोत बसून आपण बेतवा नदीवर आलो आहोत. वरच्या धरणातून पाणी सोडलं की बेतवा न सांगता चढते, म्हणून तुम्ही पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवता आणि मला म्हणता, हा तुझा सिग्नल, बुडायला लागला की ओरड. रेल्वेच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून तुमची रीत होती, की तुम्ही सिग्नल बघून मोठ्याने सांगायचा, जोडीच्या फायरमननेही स्वतः बघून सांगायचा, आणि शंका आली तर तो लालच समजायचा. पण पाण्यातून तुम्हाला तो दगड दिसत नव्हता, म्हणून त्या दिवशी बघणारी मी एकटी. आई वर झाडाखाली डबे सोडते आहे. मी फुगून बसले आहे, कारण धाकटीला डुंबायला मिळतंय आणि माझ्या वाट्याला राखण. मांडीवर सीताफळ आहे. तुम्ही ओरडून विचारता, "काय दिसतंय?" मी बी थुंकते आणि म्हणते, "साफ." मान वळवली नव्हती मी, अण्णा. दगड केव्हाच पाण्याखाली गेला होता.

धाकटी दोन खडकांमधून ओढली गेली. तुम्ही तिची वेणी धरलीत म्हणून ती वाचली, पण तुमची नडगी खडकावर फुटली, आतलं हाड मी पाहिलं. घरी आल्यावर आईने मला फैलावर घेतलं, तेव्हा तुम्हीच मध्ये पडलात आणि म्हणालात, पोरीने बघून सांगितलं, पाणीच एकाएकी चढलं. पुढे जन्मभर लंगडत चाललात आणि आल्यागेल्याला हेच सांगत राहिलात. तुम्ही ते सांगायला लागलात की मी उठून चहा करायला जायचे.

आणि तुम्ही स्वतः कसे? डोळ्यांच्या तपासणीआधी काही ड्रायव्हर अक्षरांचा तक्ता पाठ करून जायचे. तुम्हीही केला होतात. शेवटची ओळ धडाधड म्हटलीत, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरलात. साहेब, ती ओळ पाठ होती, दिसली नाही, असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत. तुम्हाला इंजिनावरून उतरवून दुरुस्तीच्या शेडमध्ये बसवलं. कोण विचारायला आलं होतं, म्हणून आई किती दिवस धुसफुसत होती. तुम्ही जेवता जेवता एकदाच म्हणालात, "माझ्यामागे डबे भरून माणसं असतात."

आता माझं ऐका. इथल्या, झाशीच्या सदर बाजारातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलंय, अम्माजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, धूप में दिक्कत होगी. ती चिठ्ठी मी टॉवेलांच्या घडीखाली सारली. सांगितलं तर मला मागे ठेवून जातील, आणि नात मला वर्षातून एकदा दिसते. काल दुपारी गच्चीवर माझाच लाल परकर वाळत घातला आणि जिन्यापाशी येऊन बघितलं. नुसतं पांढरं. डोळे चोळून बघितलं, तरी पांढरंच, आणि तेही पंधरा पावलांवरून. तिथे तर वाळू पांढरी, पाणी चकाकणारं, आणि त्यात नातीचं एवढंसं डोकं. तेव्हापासून भाजी चिरतानाही तुमचं "काय दिसतंय?" कानात येतं, आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार असतं, मेलं.

इथवर लिहिलं आणि मुलाचा फोन आला. नातीला रबरी बूट आणले, तिला ते घालूनच झोपायचंय म्हणे. त्याने दुसरं काही काढायच्या आत मी बोलून टाकलं, "मला उन्हात दिसत नाही रे. तिच्यावर नजर ठेवायला मला सांगू नको." मी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग तो म्हणाला, "बरं. तू चल तर. पाण्याकडे मी बघतो." एवढंच. चिडला नाही, मला गाळलंही नाही. आल्यावर ऑपरेशन करू म्हणाला आणि बुटांचा रंग सांगायला लागला.

अण्णा, पन्नास वर्षं मी तुमच्या रागाला भ्याले. आता वेगळीच भीती वाटते आहे, की तुम्हीही एवढंच म्हणाला असतात, आणि मी उगीच चहा करत राहिले.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवते. धाकटी रविवारी मला भेटायला येते आहे. ती अजून सगळ्यांना सांगते, ताईने बघितलं होतं, पाणीच चढलं. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.