जांगडीची लुगडी

मंगळवार, ता. ८ जानेवारी १९३५

बाबाजी आज गाठोडं टाकून गेला. अलिबागेच्या शिवदासशेठच्या दुकानातून, जांगडीवर – नऊ लुगडी. पसंत पडेल ते ठेवून घ्यायचं, बाकीची परवा परत. दरवर्षी संक्रांतीआधी असंच येतं. दरवर्षी हे ओटीवर मांडी घालून बसतात, एकेक लुगडं उन्हाकडे धरतात, आणि शेवटी पिवळं ठेवून घेतात. मी आपली दाराआड उभी. घरंदाज बाईने कापडाच्या दुकानाची पायरी चढायची नाही, हे नागावात कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण चढतही कुणी नाही.

आठ वर्षं झाली – पिवळं, पिवळं, पिवळं! एकदा नारिंगी आलं, तेवढाच बदल. ह्याच माणसाने पूर्वी मला डाळिंबी आणलंय, अंजिरी आणलंय. आता पन्नाशी जवळ आली, आजी झाले, आणि वाडीत हळद लागलेल्या नवरीसारखी हिंडते. शेजारची सोनूबाई तोंडावर मला "शेवंती" म्हणते. वाईट मनाने नाही म्हणत. पण म्हणते.

आज नवलच झालं. गाठोडं सोडलं तर हे म्हणाले, "यंदा तूच निवड. मुंबईला जायचंय, तुला बरं वाटेल ते घे." तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना.

चंद्रकळा घेतली. काळीभोर, लाल काठाची. सोळाव्या वर्षापासून मनात होती. देवा, तुझे उपकार.

गुरुवार, ता. १०

बाबाजी उरलेली न्यायला आला. गाठोडं बांधता बांधता म्हणतो, "काकू, औंदा पिवळं परत? शेठनं मुद्दाम बाजूला काढून ठेवलं व्हतं. मास्तरांचा दर वर्साला सांगावा आसतो – लांबनं दिसंल आसं द्या."

लांबून दिसेल असं! म्हणजे मास्तरांची बायको साऱ्या गावाने बघावी, असं आहे होय? शाळेत जन्मभर साधी राहणी शिकवायची आणि घरात हा थाट. चंद्रकळा मिळालीय, आता भांडायचं कशाला.

सोमवार, ता. १४. संक्रांत

घडी मोडली. देवळात गेले, चार घरी तिळगूळ दिला. सोनूबाई म्हणाली, "अगो बाई, आज शेवंतीची जांभूळ झाली." सगळ्या हसल्या, मीही हसले. मी इतकी खूश होते की कुणी काही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हणाले, "छान आहे." बघत होते माझ्या खांद्यावरून जास्वंदीकडे. मी म्हटलं, बघा तरी नीट. म्हणाले, बघितलं की.

गुरुवार, ता. १७

प्रवासाची बांधाबांध. शनिवारी निघायचं. कमळने तिसरं पत्र लिहिलं – बाबांचे डोळे दाखवाच, जावईबापूंनी डॉक्टरांची वेळ घेतलीय. हे म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, त्यासाठी एवढी यातायात कशाला? पण चार महिने झाले, वर्तमानपत्र मीच वाचून दाखवते. "तुझं वाचन सुधारावं म्हणून," असं सांगतात. परवा माजघराच्या चौकटीला कपाळ आपटलं तर चौकटीलाच दोष दिला.

अंगावर चंद्रकळाच. मोटारीची धूळ, बोटीचा कोळसा – काळ्यावर काही दिसत नाही. ट्रंकेत दोन साधी नेसती. पिवळं एकच घेतलं, तेही बोटीत खाली अंथरायला. कमळच्या गिरगावात ते नेसून कोण फिरणार?

शनिवार, ता. १९. मुंबई, कमळच्या घरी

रात्र बरीच झालीय. तरी लिहितेच.

पहाटे छकड्याने अलिबाग, तिथून मोटारीने रेवस, मग बोट. बोटीत शेजारी रेवदंड्याच्या तैयबा म्हणून एक बाई बसल्या होत्या. माझ्याहून थोरल्या, विधवा. मुलाकडे चालल्या होत्या. अंगावर मोहरीच्या फुलासारखं पिवळंधमक लुगडं. मी मनात म्हटलं, बघा, पिवळ्याने माझी पाठ काही सोडली नाही. चंद्रकळेचा पदर हातात घेऊन त्यांनी पोत पाहिला.

"कुठनं घेतलीस गं बाय?"

जांगडीवर, म्हटलं. घरीच आणून देतात.

"माझा मरद व्हता तवर तोच आनायचा. तो गेला, मग मीच जातेय दुकानात. पहिल्या दिशी पाय कापत व्हते. मग म्हटलं, बसायला गादी घातलेली हाय, तर आपन का उभं ऱ्हायचं?" आणि अशा हसल्या की मलाही हसू आवरेना. दुकानात जाऊन आपल्या हाताने कापड चाचपायचं! मला ते गमतीचं वाटलं, थोडं धीटपणाचंही.

भाऊच्या धक्क्यावर उतरलो. ही गर्दी. ह्यांना म्हटलं, ट्रंकेपाशी उभे राहा, मी जावईबापू दिसतात का बघते. वीस पावलं गेले असेन. मागे वळून बघते तो ट्रंक आहे, हे नाहीत. गर्दीत इकडे शोधलं, तिकडे शोधलं. मग लांबवर ते मोहरीचं पिवळं लुगडं दिसलं. आणि त्याच्या मागोमाग, छत्री काखेत, कोट-पगडी नीट, आमचे मास्तर निघाले होते!

हाका मारल्या. ऐकू जाईना. तेवढ्यात तैयबाबाई थांबल्या, वळल्या. हे त्यांच्याशी काहीतरी बोलले. दोन हमाल फिदीफिदी हसले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढा अब्रूदार माणूस, परक्या बाईच्या मागे!

तैयबाबाईंनी त्यांचा हात धरला आणि गर्दी कापत माझ्यापर्यंत आणलं. बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "बाय, रागावू नको. 'चल, भेटले का जावई,' असं मला इचारत व्हते. त्यांना दिसत न्हाय गं. तुला ठावं न्हाय?" मग ह्यांचा हात माझ्या हातात दिला. "सोडू नको." आणि त्या गेल्या. मी धड आभारही मानले नाहीत.

हे एवढंच म्हणाले, "मला वाटलं तू पिवळं नेसलीयस."

सोमवार, ता. २१

डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयाने लहान, पण बोलायला सरळ. काचबिंदू आहे. दोन्ही डोळे. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली. थेंब दिलेत, त्याने आहे ते थोडे दिवस टिकेल. किती दिवस, ते सांगता येत नाही.

त्यांनी विचारलं, "मास्तर, कमी दिसायला लागून किती दिवस झाले?"

"आठ वर्षं."

आठ! मी शेजारी बसलेले.

"मग इतके दिवस शिकवत कसे होता?"

"पाढे पाठ होते, कविता पाठ होत्या. पुस्तक नुसतं हातात धरायचो. पुढे वर्तमानपत्रही." दोन वर्षांपूर्वी सन्मानाने निवृत्त झाले. गावाने हार घातला. कुणाला कळलं नाही. मलाही नाही, आणि मी ह्यांच्या ताटात रोज वाढते.

मंगळवार, ता. २२

सकाळी कमळ बाजारात गेली तेव्हा विचारलं. आधी टाळाटाळ केली. मग सांगितलं. सगळं राखेसारखं होत गेलं म्हणे. झाड, विहीर, माणूस – सारं एकाच रंगाचं. पिवळं तेवढं वेगळं उठून दिसायचं. "वाडीत तू कुठे आहेस ते ओटीवरून कळायचं. माडाखाली आहेस, विहिरीवर आहेस. तू दिसलीस की मला बरं वाटायचं." नोकरी जाईल म्हणून आधी बोलले नाहीत, मग इतकी वर्षं लपवल्याची लाज वाटली म्हणून बोलले नाहीत. यंदा ओटीवर गाठोड्यातलं पिवळंही ओळखू येईना, भर उन्हातलं तेवढं दिसतं. म्हणून मला म्हणाले – तूच निवड.

आणि मी देवाचे उपकार मानले त्याचे!

खूप रडले. रागही आला, इतका की दोन वेळा उठून आत गेले. मला सांगायचं नाही? मी काय परकी? पण मग वाटलं, आठ वर्षं ह्या माणसाने मला रोज शोधलंय. कोणत्या बाईला पन्नाशीत कुणी शोधतं?

बुधवार, ता. २३

ट्रंकेतलं अंथरायचं पिवळं काढलं. कोळशाचे डाग पडले होते, दोनदा साबण लावला. नेसून समोर उन्हात उभी राहिले. हे हसले. म्हणाले, "हां, आता आहेस."

चंद्रकळा कमळला देऊन टाकली. ती म्हणाली, आई, दहा दिवसांत नकोशी झाली? म्हटलं, तुला शोभते. शोभतेच तिला.

रविवार, ता. २७

सुखरूप घरी पोचलो. बोटीत पूर्ण वेळ हात धरला होता. लोक बघत होते. बघू देत.

सोमवार, ता. ४ फेब्रुवारी

पेटीतली सगळी पिवळी बाहेर काढली. विरलेलीसुद्धा. रोज एक. सोनूबाईला खरं काय ते सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बसली. मग दुपारी आपल्या झाडांच्या शेवंतीची परडी घेऊन आली, म्हणाली, माळत जा रोज, तेवढंच आणखी दिसेल. मी हिच्यावर वर्षानुवर्षं मनातून चिडत आले.

पाणी काढताना मुद्दाम विहिरीच्या ह्या बाजूला उभी राहते, जिथे ऊन पडतं. सुपारी वेचायला जाते तीही समोरच्या रांगेत. हे ओटीवरून विचारतात, "तिसऱ्या माडाखाली आहेस ना?" असते. कधी चौथ्या माडाखाली असते, तरी हो म्हणते आणि चटकन तिसऱ्याखाली सरकते. ह्या वयात ही लपाछपी! पण इतके सुखाचे दिवस मला लग्नानंतर आठवत नाहीत. खरंच नाहीत. थेंब न चुकता घालते. देवाने हे दिवस दिले, मागितले नव्हते.

बुधवार, ता. २७ फेब्रुवारी

सकाळी सगळ्यांत गडद पिवळं नेसून, शेवंती माळून, उन्हात ह्यांच्यासमोर उभी होते. दोन हातांवर. म्हणाले, "आज काळं नेसलीस का गं?"

मी हो म्हटलं.

रविवार, ता. ३ मार्च

हे आता बसल्या जागी सारखे विचारतात, कुठे आहेस? मी ओ देते. पण दिवसभर ओ तरी किती देणार? चुलीपाशी असले, विहिरीवर असले की ऐकू येत नाही. मग हे उठून शोधायला निघतात. काल पायरी चुकली. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही, देवाची कृपा. पण बसल्यावर तोंड कसं झालं होतं! हरवलेल्या माणसाचं तोंड. धक्क्यावर दिसलं होतं तसं.

बुधवार, ता. ६ मार्च

सोनूबाईला ओटीवर बसवून अलिबागेला गेले. एकटी. शिवदासशेठच्या दुकानाची पायरी चढले! तैयबाबाईंची आठवण काढली आणि सरळ गादीवर बसले.

शेठ दचकून उठलेच. "आवो काकी, तमे? मास्तर बरे आहेत ने? निरोप द्यायचा, गाठोडं पाठवलं असतं."

म्हटलं, ह्या वेळी गाठोड्यातून निवडता येणार नाही.

"पिवळी काढू ने?"

"रंग कोणताही चालेल. नेसतंच हवं, जाडं, कोरं, भरपूर खळीचं."

एकेक लुगडं येत गेलं. मी घडी उलगडायची, कानाशी धरायची, चुरगळायची, झटकायची. काही अगदी मुकी, हातात लोण्यासारखी. तसली बाजूला सारली. दुकानातली चार पुरुष गिऱ्हाइकं बोलायची थांबली होती. बाबाजी कोपऱ्यात उभा होता. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. तो आत गेला, अगदी तळातलं एक ओढून काढलं, माझ्या कानापाशी दोनदा झटकलं. "ह्ये ऐका, काकू. ह्ये बोलतंय."

बोलत होतं. सुक्या झावळीसारखं सळसळत होतं.

धुतलं की मऊ पडेल, ते माहीत आहे. भाताच्या पेजेची खळ करीन, दर वेळी घालीन. शेठ पायरीपर्यंत सोडायला आले. "काकी, जेव्हा पाहिजे तेव्हा आवो," म्हणाले. डोळे पुसत होते. भली माणसं आहेत सगळी.

रंग घरी येऊन पाहिला. मातकट तपकिरी! डोळे शाबूत असलेल्या बाईने घेतलं नसतं असलं लुगडं.

गुरुवार, ता. ७ मार्च

तेच नेसून, अनवाणी, एक शब्द न बोलता विहिरीकडून आले. हे ओटीवर बसले होते. मान वळवली – थेट माझ्याकडे. "आलीस?" म्हणाले.

मी अजून दहा पावलं लांब होते.