बाबांची पाटी, माझं यंत्र

१८ फेब्रुवारी
चांद्र नववर्षाच्या सुट्ट्या संपल्या. आज जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. सगळे म्हणजे आई आणि बायको बी-चू. बाबांच्या वर्षश्राद्धाला देव्हाऱ्यात पितरांच्या नावांची नवी लाकडी पाटी लागणार, जुनी वाळवीने खाल्लीय. नवी मी कोरणार. हाताने नाही, यंत्राने. कॉम्प्युटरवर अक्षरं काढायची, यंत्र आपोआप फिरून ती लाकडात कोरतं. सीएनसी राउटर म्हणतात. ते यंत्रही मीच बांधणार.

आई म्हणाली, देवळामागच्या दुकानात तयार मिळते. मी म्हणालो, तयार काय कोणालाही मिळते. ज्या माणसाने ताइचुंग शहरातल्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवली, त्याचं नाव दुकानातल्या पाटीवर? आईने माझ्या वाडग्यात आणखी भाजी वाढली. बी-चू म्हणाली, "श्राद्ध नोव्हेंबरात आहे. नोव्हेंबर दरवर्षी येतो, एवढं लक्षात ठेव."

लाकडाचा प्रश्न नाही. बाबांनी पलंगाखाली कापराच्या लाकडाचा एक ठोकळा जपून ठेवला होता. कशासाठी, ते कधी बोलले नाहीत. आता कळलं.

मार्चअखेर यंत्र. एप्रिलमध्ये पाटी. मेपासून आराम.

१० मार्च
यंत्र उभं. प्लायवूडचा सांगाडा, तीन मोटरी. गच्चीखालच्या खोलीत ठेवलं, देव्हाऱ्याशेजारी. घरात तेवढीच जागा रिकामी होती.

आज पहिली चाचणी. चौकोन कापायला सांगितला. जे आलं त्याला बी-चू रताळं म्हणाली. चूक माझी नाही. प्लायवूड वाकतं. लाकडाने लाकूड कापायचं, हाच मुळात घोटाळा. धातू हवा. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या बसवल्या की काम फत्ते. जास्तीत जास्त एक महिना.

४ एप्रिल
छिंगमिंग, कबरी झाडायचा सण. पणजोबांच्या कबरीवरचं गवत काढायला गेलो. बाकीचे गवत काढत होते, मी खिशातला कॅलिपर काढून दगडावरच्या अक्षरांची खोली मोजली. आईने विचारलं, "आ-शुन, काय करतोस?" म्हटलं, अभ्यास. ती पणजोबांना म्हणाली, "तुम्ही लक्ष देऊ नका."

आल्याआल्या पुन्हा वर. हल्ली खुर्चीत बसवत नाही. पाठ टेकली की काहीतरी ढिलं राहिल्यासारखं वाटतं, आणि खरंच राहिलेलं असतं.

२१ एप्रिल
शेजारचा फान अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो. आमची भिंत सामाईक, त्यामुळे माझ्या प्रगतीची माहिती त्याला माझ्याआधी होते. त्याच्याकडून जाड पट्ट्यांचे तुकडे आणले. योजना साधी आहे. लाकडी यंत्राने अ‍ॅल्युमिनियमचे भाग कापायचे आणि त्याच भागांनी नवं यंत्र बांधायचं. यंत्र स्वतःलाच जन्म देणार. फानला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बाळंतपणाला आवाज होणारच."

दुपारपर्यंत कापायची आठ बिटं मोडली. अ‍ॅल्युमिनियम तापून बिटाला गुळासारखं चिकटतं. भोकं थोडी सरकली. कानस घेऊन ती लांबट केली. लांबट भोकं खरं तर चांगली, पुढे हवं तसं सरकवता येतं. मोठ्या कंपन्यांना हे सुचलेलं दिसत नाही.

१७ मे
मी शिकवतो त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किरकोळ प्रसंग. शिकणाऱ्या बाई गाडी मागे घेत होत्या. माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो, पण मी मनात यंत्र सरकायच्या रेल कुठे बसवायच्या ते बघत होतो. गाडी जास्वंदीच्या कुंपणात. बाई मला म्हणाल्या, "सर, तुम्हीच म्हणता ना, नजर पुढे ठेवा?" मालकांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. वडील जाऊन सहा महिने झाले, हवी तर सुट्टी घ्या. मी म्हणालो, त्याचा काही संबंध नाही. सुट्टी मात्र घेतली. रेल बसवायच्या होत्याच.

१६ जून
धातूचं यंत्र पूर्ण. दिसायला देखणं. चालू केल्यावर खोली थरथरते. यंत्र हलकं आहे, म्हणून. ही चूक नव्हे, शोध आहे.

आज चाचणीच्या वेळी देव्हाऱ्यातलं बाबांचं उदबत्त्यांचं भांडं हळूहळू चालत कडेपर्यंत आलं. आई वर होती. तिने ते तळहाताने धरून ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "घाबरू नका हो, आपला आ-शुन आहे." यंत्र बंद करीपर्यंत ती तशीच उभी होती. मला थोडा उशीर झाला, कारण वर्तुळ अर्ध्यात होतं.

२ जुलै
पाटीचा नकाशा आईला दाखवला. तिने शुभ-अशुभ मापांची टेप आणली, तांबड्या आकड्यांची आणि काळ्या आकड्यांची, प्रत्येक घरात असते तशी. उंची काळ्यात पडली, म्हणजे अशुभात. मी म्हणालो, आई, माझं यंत्र केसाएवढाही फरक करत नाही. ती म्हणाली, "मग केसाएवढंही तांबड्यात येणार नाही." सगळा नकाशा पुन्हा काढायचा. महिना त्यात जाणार असं धरायला हरकत नाही.

दरम्यान ठरवलं, यंत्राला जड पाया हवा. लोखंडी चौकट, आत वाळू आणि सिमेंट. एकदा तो बसला की कायमची शांतता.

१९ ऑगस्ट
भुतांचा महिना सुरू. या महिन्यात नवं शुभकार्य करत नाहीत, म्हणून पाटीला हात लावता येत नाही. माझा नाइलाज. पाया नवं काम नाही, जुनंच पुढे चालू आहे, त्यामुळे चालतं.

बी-चूने विचारलं, पाया वर नेऊन भरायचा की भरून वर न्यायचा? मी तोपर्यंत भरला होता. फान आणि त्याचे दोन कामगार आले. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पाया अडकला. वर जाईना, खाली येईना. फान कठड्यावर बसून घाम पुसत, नेहमीसारखी आडनावाने हाक मारत म्हणाला, "लियाओ, तुझे बाबा असते तर काय म्हणाले असते?"

मी म्हणालो, बाबांनी आधी वळण मोजलं असतं. मग हे का बोललो म्हणून दिवसभर चिडचिड.

२१ ऑगस्ट
पाया अजून वळणावर. आईला वर देव्हाऱ्यापर्यंत जाता येत नाही. सकाळी ती खालच्या पायरीवर उभी राहिली, उदबत्ती दोन्ही हातांत धरून वरच्या दिशेने तीनदा वाकली आणि सांगितलं, "आज इथूनच. वाटेत तुमच्या मुलाचं काम आहे." संध्याकाळी कठडा कापला. पाया वर गेला. कठडा पुढच्या रविवारी जोडीन.

१७ सप्टेंबर
मध्यशरदाच्या पौर्णिमेचा सण. सगळी गल्ली रस्त्यावर कोळसे पेटवून मांस भाजत होती. फानच्या शेगडीवरची पट्टी ओळखीची वाटली. माझ्या यंत्राचा जुना पूल, मोटर ज्यावर सरकते ती आडवी पट्टी. बी-चूने दिला होता. "तू बदललास ना तो? जिन्यात पडून होता." म्हटलं, त्याचा सपाटपणा तपासायला मी तीन दिवस घालवले होते. फान चिमट्याने डुकराचं मांस उलटत म्हणाला, "त्यामुळेच सगळीकडून सारखं भाजतंय. ये, बस."

बसलो. दोन घास खाल्ले आणि उठलो. आई म्हणाली, हा लहानपणी असा नव्हता. फानची बायको म्हणाली, कधीपासून असा? आईने बोटांवर महिने मोजले.

कठडा राहिलाच. दोरी बांधली आहे.

१४ ऑक्टोबर
आज बाबांचा ठोकळा यंत्रावर चढवला. आधी स्वस्त लाकडावर पूर्ण पाटी कोरून बघायची असं ठरलं होतं, पण श्राद्ध जवळ आलं आणि यंत्र इतकं स्थिर चाललं होतं की चाचणी म्हणजे यंत्राचा अपमान झाला असता.

सुरुवात फार सुंदर. पाया हलेना. कापराचा वास सगळ्या घरात. आमचं आडनाव उमटलं, जसं छापलंय. मी क्षणभर खाली गेलो, बी-चूला बोलवायला. पंधरा पायऱ्या. वर आलो तेव्हा मोटरीची वायर रेलमध्ये अडकलेली, आणि बिट आडनावावरून तिरकं, सरळ रेघेत, पार कडेपर्यंत गेलेलं. खोलवर. नंतरच्या अक्षरांच्या जागी ते शांतपणे हवा कोरत होतं.

बंद केलं. बी-चू म्हणाली, "आ-शुन." तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वास खाली गेला असावा, कारण आई दोरी धरत धरत वर आली. तिने ठोकळ्यावरून हात फिरवला, भुसा फुंकला. मी म्हणालो, वायरला एक साखळी-पट्टा बसवला की असं पुन्हा होणार नाही, दोन दिवसांचं काम. ती म्हणाली, "सोड ते स्क्रू." मी सोडले. तिने ठोकळा लहान मूल घ्यावं तसा छातीशी धरला आणि खाली गेली. मी मागे गेलो नाही. साखळी-पट्ट्याचं माप घेत होतो. तेच माप चार वेळा घेतलं, चारही वेळा वेगळं आलं.

२६ ऑक्टोबर
पट्टा बसला. आईला विचारलं, ठोकळा कुठे आहे? म्हणाली, "ठेवलाय." उरलेल्या भागात जरा लहान पाटी बसेल असं मी कॉम्प्युटरवर दाखवलं. म्हणाली, "जेव आधी." बी-चूने टेबलाखालून पायावर पाय दिला.

काही हरकत नाही. दुसरं लाकूड आणू. यंत्र तयार आहे, हे महत्त्वाचं.

८ नोव्हेंबर
दुसरं लाकूड आणायला वेळ झाला नाही. मोटरींचा वेग जुळवत होतो.

९ नोव्हेंबर
वर्षश्राद्ध. सकाळी आईने लाल कापडाची गुंडाळी उघडली. पाटी. बाबांच्याच लाकडाची. देवळामागच्या दुकानदाराने माझी तिरकी रेघ जिथे संपते तिथून कापून, उरलेल्यातून केलेली. मी हळूच टेप लावून बघितली. तांबड्यात.

एक गोष्ट कोणी बोललं नाही, म्हणून इथे लिहितो. लाकूड पहिल्यांदा कापलं ते माझ्या यंत्राने. म्हणजे ढोबळ काम माझं, फक्त शेवटचा हात दुकानाचा.

पुरोहितांनी बाबांच्या भांड्यातली चिमूटभर उदबत्तीची राख घेऊन पितरांच्या भांड्यात घातली. नाव पाटीत गेलं, म्हणजे बाबा पितरांत गेले. मग त्यांनी बाबांचं वेगळं भांडं उचललं आणि बाजूला ठेवलं, आता त्याची गरज नाही म्हणाले. वर्षभर जिथे ते होतं तिथे धुळीत एक स्वच्छ गोल राहिला. बी-चू फडकं घेऊन आली. मी म्हणालो, राहू दे. म्हटलं, मी पुसतो. पुसला नाही.

आई म्हणाली, "बस जरा." बसलो. बराच वेळ बसलो. ढिलं काही वाटलं नाही. नुसतं रिकामं वाटलं, ते जास्त वाईट.

१० नोव्हेंबर
रविवार. पाहुणे गेले. वर गेलो, यंत्र चालू केलं. उरलेल्या प्लायवूडवर वर्तुळ कापायला सांगितलं. पाया हलला नाही, वायर अडकली नाही, आवाज शिवणयंत्राएवढा. वर्तुळ निघालं. कुठूनही मोजा, सारखं. नऊ महिन्यांत पहिली निर्दोष वस्तू. ती हातात घेऊन मी जिन्यापर्यंत गेलो आणि खाली तोंड करून हाक मारली, "बाबा, वर या जरा."

बी-चू स्वयंपाकघरात भांडी घासत होती, तिच्या नळाचं पाणी थांबलं. मग आईचा आवाज आला, "आ-शुन, काय आहे ते खाली आण."

नेलं. तिने चकती उलटसुलट बघितली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर सुपाचं गरम भांडं ठेवलं. एका बोटाने भांडं ढकलून बघितलं.

"हलत नाही," ती म्हणाली. "ये, जेवायला बस."