पेल्याखालची घडी

गुरुवार, संध्याकाळ. डिलाईल रोड.

कोकणातून थेट आईकडे आलो. तिथे एका गावावरच्या डोंगरात आम्ही यंत्रं पुरलीत. वारा, समुद्र, ट्रक, सगळ्यांनी डोंगर सतत बारीक थरथरत असतो, ते ही यंत्रं टिपतात. खडक सुटायला लागला की थरथरीची लय संथ होते. गेले दहा दिवस ती संथ होतेय. मी मात्र म्हणत होतो, अजून आठवडाभर नोंदी बघू. हा सावधपणा की भित्रेपणा?

आईने पाणी ठेवलं. पेल्याखाली फडक्याची घडी. समोरची मिल चालू असताना फळीवरचा पेला थरथरत कडेला यायचा, म्हणून ती घडी. आता समोर टॉवर आहे.

"आई, अजून कशाला गं ही घडी?"

"हाताक सवय झाली रे."

बाबा मिलमध्ये जॉबर होते, मागांची देखभाल त्यांच्याकडे. मागावर पंजा टेकवून उभे राहायचे. थरथर बदलली की आधी माग बंद, कारण नंतर. साहेब कितीही ओरडू दे. आणि मी त्यांचा मुलगा, आठवडा मागतोय!

ऑफिसात कळवलं आणि लगेच सरपंचांना फोन लावला. "डोंगराखालची घरं आजच रिकामी करा."

"पण डोंगर तर तसाच दिसतोय, साहेब."

"दिसतोय खरा. माझं चुकलं तर मला शिव्या घाला."

शेवटी तयार झाले.

मग घडी काढून पेला नुसत्या फळीवर ठेवला. किती वेळ बघत बसलो. पाणी अगदी स्थिर; मिल थांबली ती थांबलीच. जरा तरी हलायला हवं होतं.